प्रेस्टन नॉर्थ एंड : श्रेष्ठ खेळाडूंची क्रमवारी

इंग्लंडमधील लँकशर परगण्याच्या प्रेस्टन शहरातील फुटबॉल क्लब. १९६१ मध्ये पहिल्या श्रेणीतून घसरल्यापासून तो तेथे परतलेला नाही. त्यामुळे त्याच्या थोर खेळाडूंची यादी बहुतांशी जुन्या काळाची आहे.

अग्रस्थानाबद्दल वाद संभवत नाही. टॉम फिनी (१९२२–२०१४) याच गावचा, व्यवसायाने प्लंबर. दोन्ही बगलांवर आणि मध्यभागी तो सारख्याच सफाईने खेळे. लीगच्या ४३३ सामन्यांत १८७ गोल, इंग्लंडकडून ७६ सामन्यांत ३० गोल. १९५२ मध्ये इटलीतील पालेर्मोने त्याला मोठ्या रकमेची ऑफर दिली. प्रेस्टनने त्याला सोडले नाही. त्याला मोठा करंडक कधीच मिळाला नाही, पण त्याने त्याचे श्रेष्ठत्व रतिभरही उणावत नाही. पाणी साचलेल्या मैदानावर तुषार उडवत चेंडूमागे झेपावणारा फिनी एका १९५६ च्या छायाचित्रात दिसतो. त्यावरून घडवलेले शिल्प डीपडेल मैदानाबाहेर आहे.

खरी चुरस दुसऱ्या क्रमांकासाठी आहे. १८८८-८९ मध्ये लीगचे २२ सामने अपराजित राहिलेल्या संघाचा आघाडीवीर जॉन गुडॉल, की लीगमध्ये विक्रमी ४४७ सामने खेळलेला आयरिश गोलरक्षक ॲलन केली? क्लबच्या इतिहासात दीर्घ सेवेचे मोल अधिक, म्हणून केलीचे पारडे जड ठरते. बिल शँक्ली १९३८ च्या एफए कपविजेत्या संघातला भरवशाचा हाफबॅक होता. मात्र लिव्हरपूलचा व्यवस्थापक म्हणून मिळवलेली कीर्ती येथे मोजणे योग्य नाही.