बर्डी, मे १९८९

तुम्ही नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानात शिरता. बाहेर लुनाची सीट इतकी तापलीय, की बसायची सोय नाही. आत कूलरचा घर्राटा आणि वाळ्याचा दमट वास. इथे कॅसेट भरून मिळतात. काउंटरवर दोन डेक वायरीने जोडलेले. एकात कुणाच्या तरी भावाने मुंबईहून आणलेली, गेल्या वर्षीची 'रॉक अँड रोल रेनेगेड'. दुसऱ्यात तुमच्या दोस्ताची कोरी सी-साठ. गाणं जेवढं, भरायला वेळ तेवढाच. म्हणजे ऐकणं फुकट.

'टॉप ऑफ द रॉक' सुरू होतं. गिटार कूलरलाही गप्प करते.

"फॉरेनचा बँड होय का बे?" दोस्त विचारतो.

"मुंबईचा. रॉक मशीन."

"फेकू नको."

तुम्ही नावं सांगता: गाणारा उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी. "तिनईकर?" दोस्त खुर्ची पुढे ओढतो. "मग मराठीत काऊन नाही गात?"

उत्तर द्यायला तुम्ही चाळीसेक वर्षं पुढून आला आहात. माद्रिदच्या 'बारोन रोहो' या बँडने १९८१मध्येच 'लार्गा विदा अल रॉक अँड रोल' हा पहिला अल्बम स्पॅनिशमध्ये काढला, हे तुम्हाला ठाऊक आहे. दुसरा, 'वोलुमेन ब्रुताल', त्यांनी लंडनला जाऊन केला आणि तो इंग्रजीतही गायला. आधी घरची भाषा, मग बाहेरची. आपल्याकडे रॉकचं हत्यारच इंग्रजी कॉलेजांच्या वाटेने आलं. मुंबईत धोबी तलावला, झेवियर्सशेजारच्या रंगभवनात पब्लिकला बाहेरच्या बँडची गाणी हवीत, तीही हुबेहूब. १९८४मध्ये जमलेल्या रॉक मशीनच्या पोरांनीही सुरुवात तशीच केली. स्वतःची चाल लावून तिच्यावर अख्खा अल्बम काढायचा, इथेच त्यांची निम्मी ताकद खर्ची पडली. भाषेचा नंबर लागलाच नाही.

पुढचंही तुम्हाला माहीत आहे. १९९३मध्ये हाच बँड 'इंडस क्रीड' होईल. २००३मध्ये शांतता क्षेत्राचा नियम पुढे करून रंगभवनातला आवाज बंद केला जाईल. ते तुम्ही दोस्ताला सांगत नाही.

खट्! सी-साठची एक बाजू तीस मिनिटांत संपली, गाणं मधेच तुटलं. दुकानदार बाजू बदलतो, तुटलेलं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावतो.

"मराठी यावर बसत नाही म्हणतात," तुम्ही सांगता.

"कोण म्हणते?" दोस्त काउंटरच्या काचेवर दोन्ही तळव्यांनी ठेका धरतो, ड्रमच्या बरोबरीने, आणखी जोरात.

"काच फुटंल बे!" दुकानदार गरजतो.

तिन्ही शब्द ठेक्यावर नेमके पडतात. दोस्त ते उचलतो आणि दुसऱ्या कडव्यापासून गाऊ लागतो.