एक शर्यत, दोन चुली: इंडीकारची बारा वर्षांची फूट

आजचा विषय भाऊबंदकीचा आहे. फक्त इथं वाटणी शेताची नाही, शर्यतीची झाली. अमेरिकेत १९९६ ते २००८ अशी बारा वर्षं इंडीकारच्या दोन चुली होत्या. माझ्यासारख्या चाहत्याला आजही प्रश्न पडतो, यात जिंकलं कोण?

मुळापासून बघू. इंडियानापोलिसचा ट्रॅक टोनी हुलमन यांनी १९४५ मध्ये साडेसात लाख डॉलरला घेतला. तिथली ५०० मैलांची शर्यत, म्हणजे इंडी ५००, ही या खेळाची पंढरीच. नियम ठरवायची ‘युसॅक’ नावाची संस्था. १९७८ मध्ये डॅन गर्नी यांनी इतर संघमालकांना एक टिपण पाठवलं. मुद्दा साधा होता: पैसा आपण ओततो, मग निर्णयात आपण कुठे आहोत? त्यातून रॉजर पेन्स्के, पॅट पॅट्रिक वगैरे मालकांनी ‘कार्ट’ काढली. युसॅकने १९७९ मध्ये कार्टच्या सहा संघांचे इंडीचे अर्ज नाकारले. संघ कोर्टात गेले आणि शर्यतीत उतरलेच.

पुढे कार्टचे दिवस आले. १९९२ चा फॉर्म्युला वन विजेता नायजेल मॅन्सेल १९९३ मध्ये इथं आला आणि इथलंही विजेतेपद घेऊन गेला. पण ट्रॅकची सूत्रं आता हुलमन यांचा नातू टोनी जॉर्ज याच्या हाती होती, आणि त्याला हे खुपत होतं. खर्च वाढतोय, ओव्हल ट्रॅक मागे पडतायत, अमेरिकन पोरांना संधी नाही, असं त्याचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. इंडियानात वाढलेला जेफ गॉर्डन नॅस्कारकडे गेला आणि १९९४ मध्ये याच ट्रॅकवर नॅस्कारची पहिली शर्यत जिंकला!

म्हणून जॉर्जने ‘इंडी रेसिंग लीग’ काढली. १९९६ ला नियम आला: इंडी ५०० च्या ३३ पैकी २५ जागा लीगमधल्यांसाठी राखीव. कार्टवाले म्हणाले, ठेवा तुमची शर्यत. २६ मे १९९६ ला त्यांनी मिशिगनला स्वतःची ‘यूएस ५००’ भरवली. तिथं हिरवा झेंडा दिसायच्या आतच पहिल्या रांगेतल्या गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि मागच्या कितीतरी गाड्या त्यात सापडल्या. जिमी वॅसर राखीव गाडी घेऊन जिंकला. इकडे इंडियानापोलिसला बडी लझियर पाठीचं हाड मोडलेलं असताना जिंकला. मर्दुमकी दोन्हीकडे होती. बघणाऱ्याने मात्र एकच निवडायचं.

२००० मध्ये चिप गनासी यांचा संघ इंडीला परतला आणि हुआन पाब्लो मोंटोया पहिल्याच प्रयत्नात जिंकला. तिथून कार्टचा बांध फुटला. २००२ मध्ये पेन्स्के लीगमध्ये गेले, २००३ मध्ये होंडा आणि टोयोटाही. कार्ट दिवाळखोरीत निघाली. तिचे अवशेष ‘चॅम्प कार’ नावाने २००८ पर्यंत तगले आणि मग दोन्ही घरं एक झाली. तेव्हाही तारखा अशा अडकल्या, की एप्रिल २००८ च्या एकाच शनिवार-रविवारी काही संघ जपानमध्ये मोटेगीला धावले आणि काही लाँग बीचला.

माझं मत विचाराल तर अर्धं बरोबर दोघंही होते. गाड्या आणि नामांकित ड्रायव्हर मालकांकडे होते, देव्हारा जॉर्जकडे होता. दोघांनाही वाटलं, लोक आपल्यासाठी येतात. लोक यायचे ते दोन्ही एकत्र बघायला. आणि ज्यांच्यासाठी लीग काढली, त्यांचं काय झालं? लीगचा १९९७ चा विजेता टोनी स्ट्युअर्ट दोन वर्षांत नॅस्कारला निघून गेला. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

शेवट ऐका. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हुलमन घराण्याने ट्रॅक आणि मालिका दोन्ही विकायचं जाहीर केलं. घेणारे कोण? रॉजर पेन्स्के. १९७८ मध्ये निर्णयात वाटा मागणाऱ्यांपैकी एकाच्या हाती आज सगळा निर्णय आहे. कारभार तूर्त नीट चाललाय, मला आवडतोय. पण खेळाची चावी पुन्हा एकाच खिशात गेलीय, हे आपण चाहत्यांनी विसरू नये.

भेटू पुढच्या भागात.