पेटी आणि हजेरीपट

उमरग्यावरून जाणाऱ्या हैदराबाद रस्त्यावर लोखंडी पेट्या लादलेल्या गाड्या आपण रोज पाहतो. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन ट्रकमालकाने अशा ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला बोटीने धाडल्या. आजच्या कंटेनर-वाहतुकीचा आरंभ तो मानतात. वीस किंवा चाळीस फुटी बंद पेटी कापडाला, थंड हवेची रीफर द्राक्षांना. अवजड यंत्र क्रेनने वरून उतरवायचे तर बिनछताची पेटी, आणि रसायनांना टाकी.

त्यापूर्वी मुंबईच्या गोदीत गोणी माणसाच्या पाठीवरूनच जाई. १९४८ च्या कायद्याने त्या माणसाची नोंद करण्याची वाट उघडली, हजेरीला किंमत आली. हे फुकट मिळाले नव्हते! १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाले, पेट्या तिकडे वळल्या.

पेटीला मी नावे ठेवत नाही. ओझ्याने वाकलेल्या पाठी मी पाहिल्या आहेत. परंतु पेटी भरायला, रिकामी करायला हात लागतातच. ते काम गोदीतून दूरदूरच्या गुदामांत गेले. १९६९ चा माथाडी कायदा त्यासाठी आहे. तरीही गुदामाच्या दारात हमालांना मी हजेरीपट विचारतो, तेव्हा ते मुकादमाकडे पाहतात.