वालचंदांची फियाट आणि मामांचे कमानपाटे

इंदापूर तालुक्यात आमच्या मामांच्या शेडमध्ये १९६८ ची फियाट उभी आहे. एका बाजूला ट्रॅक्टर, दुसऱ्या बाजूला कडबा कुट्टी आणि मध्ये ही. गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी ठरवलं, गाडी रस्त्यावर आणायचीच. इंजिन दोन दिवसांत चालू झालं. अडलो ते खाली, सस्पेन्शनमध्ये. गाडी डावीकडे कललेली आणि ब्रेक मारला की एका बाजूला ओढ घेणारी. मामा म्हणाले, "अरे, फियाटचेच पार्ट आण की, झालं." आजचा भाग या "फियाटचेच" शब्दावर आहे. कारण भारतात "फियाट" नावाची एकच गाडी कधी नव्हती.

गोष्ट आमच्या तालुक्यातूनच सुरू होते. वालचंदनगर माहीत असेलच. सोलापुरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद दोशींनी इथल्या कळंबच्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला, तेच हे गाव. याच माणसाला जहाजं, विमानं आणि मोटारी भारतात बनवायच्या होत्या. मोटारीसाठी त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी बोलणी केली. इंग्रज सरकारने काही साथ दिली नाही. तरी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी निघाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या.

१९५३ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी वालचंद गेले. त्याच वर्षी इटलीच्या फियाटने ११००-१०३ ही नवी गाडी दाखवली. आणि त्याच सुमारास भारत सरकारने मोटार कंपन्यांना स्पष्ट सांगितलं की बाहेरून पेट्या आणून नुसतं जोडकाम चालणार नाही, सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनवा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियर राहिली आणि १९५४ पासून कुर्ल्यात ११०० बनू लागली. पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, गोलमटोल. मुंबईकरांची "डुक्कर फियाट" ती हीच.

१९६४ मध्ये चौकोनी अंगाची ११०० डी आली, म्हणजे मामांची "डिलाइट". सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फियाटचं नाव गेलं, गाडी "प्रेसिडेंट" झाली आणि १९७४ पासून "पद्मिनी". ती थेट नवं शतक उजाडेपर्यंत बनत राहिली.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. इटलीचा कोड आणला, इथे फोर्क केला, मग दोन्हीकडे वेगवेगळे बदल होत गेले. इटलीतल्या ११०० डी ला १२२१ सीसीचं इंजिन होतं, आपल्या ११०० डी ला १०८९ चंच राहिलं. नाव तेच, आतला माल वेगळा. शिवाय इटलीत १९५३ च्या आधीची एक वेगळीच जुनी गाडीसुद्धा "११००" म्हणूनच विकली जायची. तिचं १०८९ सीसीचं इंजिन घेऊन सिसिटालिया २०२ ही स्पोर्ट्स कार बनली, जी आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. म्हणजे परदेशी साइटवर "फियाट ११०० सस्पेन्शन" टाकलंत, तर कुठल्या ११०० चा पार्ट घरी येईल याचा नेम नाही.

आमचंही तेच झालं. एका ऑनलाइन दुकानातून "सर्व मॉडेलला चालेल" असे पाट्यांचे बुश मागवले. पाट्याच्या डोळ्यात ते सैल बसत होते. गावातला मेकॅनिक म्हणाला, पत्र्याची पट्टी गुंडाळून ठोकू. मामाही तयार! मी नाही म्हटलं, कारण मागचा अख्खा अ‍ॅक्सल त्या पाट्यांवरच धरलेला असतो. बुश खेळला तर अ‍ॅक्सल तिरका होतो आणि ऐंशीच्या वेगात गाडी स्वतःच वळायला बघते.

मग शांतपणे पहिल्यापासून सुरुवात केली. आरसी बुकातलं साल बघितलं, बॉनेटखालच्या प्लेटवरचा चॅसी नंबर जुळवला. काहीही उघडण्याआधी फोटो काढले. मग व्हर्नियर घेऊन खाली.

पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे, ही मांडणी डुक्करपासून पद्मिनीपर्यंत तीच. म्हणून तर लोक फसतात. पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढून शेजारी ठेवल्या तर उजवीची तार जाड निघाली आणि मोकळी लांबीही जास्त. कधीतरी कुणीतरी एकच स्प्रिंग बदलली होती! गाडी कलण्याचं कारण सापडलं. (स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय हे काम करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो.) मागे पाटे मोजले तर दोन्हीकडे एकेक पाटा जास्तीचा, भरणीसाठी घातलेला. आमच्याकडे ही गाडी पोतीसुद्धा वाहायची, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

किंगपिनची परीक्षा मला सगळ्यात आवडली. चाक जॅकवर उचला, वरून-खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन. आमचा राहिला.

पार्ट कुठून आणायचे? इतकी वर्षं उत्तर सोपं होतं: मुंबईची टॅक्सी. काळी-पिवळी पद्मिनी हीच या गाडीची चालतीफिरती स्पेअर बँक होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता कुर्ल्याचं भंगार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, तिथे जे उरलंय ते. पण तिथेही "फियाटचा" म्हणून विचारू नका. मापं आणि जुना तुकडा खिशात ठेवा.

किंगपिनचा सेट जुन्या बाजारात मिळाला, तिसऱ्या रविवारी. स्प्रिंगांची जोडीही तिथलीच. बुश शेवटी बारामतीत लेथवर करून घेतले, डोळ्याच्या मापाने. ते पक्के आवळताना गाडी जॅकवर नव्हती, चारही चाकांवर होती. लटकत्या पाट्यावर रबरी बुश आवळला तर तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

गाडी आता सरळ उभी आहे. जास्तीचा पाटा काढायचा की नाही, यावर मामांचं आणि माझं अजून जमलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर प्रीमियरचं पार्ट्स कॅटलॉग पडलं असेल, तर पाट्यांच्या पानाचा फोटो नक्की पाठवा.