तिकीट बंद झालं, माणसांचं काय?

आमच्या धंद्यात एक बरं असतं. रात्री दोनला प्रॉडक्शन कोसळलं तरी सकाळपर्यंत उभं राहतं, तिकीट बंद होतं, आपण झोपायला मोकळे. साथीचंही तसंच असणार, अशी माझी समजूत होती. साथ संपली की डॉक्टर-नर्सही सुटले! गेल्या वीकएंडला टोरांटोतल्या सार्सबद्दल वाचत बसलो आणि ती समजूत गेली.

साल २००३. हाँगकाँगहून परतलेल्या एक बाई मार्चच्या सुरुवातीला घरीच वारल्या. मग त्यांचा मुलगा आजारी पडला. स्कारबरोच्या एका हॉस्पिटलात इमर्जन्सीच्या गर्दीत तो रात्रभर पडून होता. तिथून रोग पसरला, तो मुख्यतः हॉस्पिटलांमधूनच. म्हणजे कामाची जागा हीच धोक्याची जागा! संपर्कात आलेल्या कर्मचाऱ्यांना 'वर्क क्वारंटाईन' होतं. घर ते हॉस्पिटल, हॉस्पिटल ते घर. घरातही तोंडाला मास्क आणि झोपायचं वेगळं. त्या साथीत तिथली ४४ माणसं गेली. त्यांत दोन नर्स आणि एक डॉक्टर होते.

पण मला खरी टोचली ती पुढची गोष्ट. १७ मेला आणीबाणी उठली, खबरदारी सैल झाली. नॉर्थ यॉर्क जनरलमधल्या नर्स सांगत होत्या, की हे पेशंट सार्ससारखेच वाटताहेत. त्यांचं कोणी मनावर घेतलं नाही. २३ मेला दुसरी लाट जाहीर झाली, आणि तिच्यात नर्सही आजारी पडल्या.

पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने या सगळ्याची चौकशी केली. त्यांच्या अहवालाचं नाव होतं 'भीतीचा वसंत'. त्यांचा मुख्य धडा साधा आहे: धोका दिसत असेल तर शंभर टक्के पुराव्याची वाट बघत बसू नका, आधी माणसांना वाचवा.

आणि तिकीट बंद झालं का? नाही. साथीनंतर एक-दोन वर्षांनी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट माँडर आणि सहकाऱ्यांनी टोरांटोचे कर्मचारी आणि सार्सचे पेशंट न बघितलेले हॅमिल्टनचे कर्मचारी यांची तुलना केली. टोरांटोत थकून गेलेले, मनावर ताण घेऊन जगणारे जास्त निघाले. काहींनी कामाचे तास कमी केले होते. मात्र ज्यांना पुरेसं प्रशिक्षण, संरक्षण आणि आधार मिळाल्यासारखं वाटलं, त्यांना त्रास कमी झाला होता.

म्हणजे प्रश्न त्यांच्या 'मन खंबीर' असण्याचा नव्हताच. कोणी त्यांचं ऐकतंय का, पाठीशी उभं राहतंय का, हा होता.

२२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाचला मीही बाल्कनीत उभं राहून थाळी वाजवली होती. मनापासून वाजवली. पण नंतर, सगळं शांत झाल्यावर, ओळखीतल्या एकाही नर्सला "आता कशी आहेस?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. तुम्ही विचारलं होतंत का?