खंदकातला विनोद, टेबलावरची ताटली

२७ जुलै १७५६ रोजी लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन यांनी सहा तासांत १,२०० हून जास्त मातीच्या फरश्यांवर चित्रं छापली आणि तसं शपथपत्र करून ठेवलं. शंभर कसबी चितारी बसवले तरी एवढ्या वेळात इतकं काम होणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. ताटल्यांवर विनोद छापण्याची कुळकथा या कसबापासून सुरू करावी लागते.

या छपाईची सर्रास चाललेली रीत अशी होती. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, धातूच्या भस्माचा रंग तेलात खलून त्या रेघांत भरायचा आणि पातळ कागदावर ठसा घ्यायचा. ओल्या रंगाचा तो कागद भांड्यावर घासून बसवायचा, मग पाण्याने सोडवायचा आणि भांडं भट्टीत घालायचं. चित्र भांड्यावर येण्याआधी कागदावर उमटत असल्यामुळे कागदावर गाजलेल्या चित्राला भांड्याचा रस्ता मोकळा झाला. थॉमस रोलंडसनने चितारलेल्या डॉक्टर सिंटॅक्स या भोळ्या पाद्री-मास्तरांच्या फजित्या एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पुस्तकातून उठून स्टॅफर्डशरच्या निळ्या ताटल्यांवर पोचल्या होत्या.

पुढे पोस्टकार्डाने विनोद स्वस्त केला. ब्रिटिश टपाल खात्याने १८९४ मध्ये खासगी छापाच्या कार्डांना परवानगी दिली. १९०२ पासून पत्ता आणि मजकूर दोन्ही मागच्या बाजूला लिहिता येऊ लागले, आणि पुढची सगळी बाजू चित्राला मिळाली. डोनाल्ड मॅकगिलसारख्या चित्रकारांची आयुष्यं या चिमुकल्या जागेत गेली. पण कार्ड हातोहात जातं आणि खणात पडून राहतं. त्यावरच्या विनोदाला घरात कायमची जागा मिळाली ती पहिल्या महायुद्धात.

ब्रूस बेर्न्सफादरचा जन्म १८८७ चा, तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या मरीचा. रॉयल वॉरिकशर रेजिमेंटचा हा अधिकारी १९१४ च्या हिवाळ्यात बेल्जियमच्या चिखलात होता. १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत तोफगोळ्याने जखमी होऊन तो मायदेशी परतला. 'द बायस्टँडर' साप्ताहिकात त्याची चित्रं येऊ लागली होतीच. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यातलं सर्वांत गाजलेलं चित्र छापून आलं. चहूकडे गोळे फुटताहेत, दोन शिपाई एका खड्ड्यात दडले आहेत आणि एक दुसऱ्याला वैतागून सांगतोय, याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर खुशाल जा तिकडे! झुपकेदार मिशांचा, कानटोपी घातलेला त्याचा ओल्ड बिल घरोघरी ओळखीचा झाला. लढवय्यांचं असं गबाळं रूप काही प्रतिष्ठितांना खटकलं, पण शिपायांनी ते आपलं मानलं. साप्ताहिकाने ही चित्रं पुस्तिकांत आणि पोस्टकार्डांवर काढली.

तिथून ती स्टोक-ऑन-ट्रेंटच्या ग्रिमवेड्स कारखान्यात पोचली. ताटल्या, कप, जग अशा रोजच्या भांड्यांवर ओल्ड बिल आणि त्याचे सोबती उमटले, खाली त्यांचे संवादही आले. अशा भांड्यांच्या पाठीवरचा शिक्का मुद्दाम वाचावा असा आहे. मुलगे स्वातंत्र्यासाठी आणि सभ्यतेसाठी खंदकांत लढत असताना, १९१७ च्या हिवाळ्यात स्टॅफर्डशरच्या मुलींनी हे बनवलं, असं तो सांगतो. आघाडीवरून येणाऱ्या पत्रांना लष्करी कात्री लागायची. तिथला चिखल, कंटाळा आणि भीती घरच्यांना कळायची ती अशा चेष्टेतून. ती चेष्टा जेवणाच्या टेबलावर असावी असं त्यांना वाटलं, यात नवल नाही.

युद्धानंतर वाट रुळली. वात्रट, गोबऱ्या मुलांची पोस्टकार्डं काढणाऱ्या मेबल लूसी अॅटवेलची चित्रं १९२६ पासून शेली कारखान्याच्या बालभांड्यांवर आली, आणि विनोद पोरांच्या दुधाच्या पेल्यापर्यंत गेला.

या घराण्यात मला सर्वाधिक मान द्यावासा वाटतो तो ग्रिमवेड्सच्या भांड्यांना. शोभेच्या वस्तूवरचा विनोद बहुधा दुरून पाहणाऱ्याने केलेला असतो. इथे तो करणारा स्वतः खंदकात राहून आला होता आणि भांडी घडवणाऱ्या मुलींच्या पिढीचे मुलगे अजून तिथेच होते. म्हणून ही भांडी कपाटात शोभेसाठी मांडली असली, तरी त्यांना युद्धाची अस्सल कागदपत्रं समजूनच वाचायला हवं.