बाळंतपणाचा खर्च कोणाचा? १९२८ चा सवाल अजून उभाच आहे

१४ एप्रिल आला, ८ मार्च आला की एक पोस्टर मोबाईलवरून फिरू लागते. "भारतातल्या स्त्रियांना प्रसूती रजा बाबासाहेबांनी दिली." खाली निळा रंग, बाबासाहेबांचा फोटो आणि २६ आठवड्यांचा आकडा. भावना खरी आहे, पण इतिहास अर्धा आहे. अर्धा इतिहास आपल्याला फक्त हार घालायला शिकवतो. पूर्ण इतिहास वाचला तर हातात एक मागणी येते. ती मागणी काय होती आणि तिचे पुढे काय झाले, हे आम्हाला इथे मांडायचे आहे.

मुळापासून सुरुवात करू. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बाळंतपणाच्या संरक्षणाचा करार केला. प्रसूतीच्या आधी ६ आणि नंतर ६ आठवडे रजा, आणि त्या काळात आई व मूल नीट जगू शकतील एवढा पैसा. इंग्रज सरकारने भारतासाठी तो स्वीकारला नाही. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणले, तेही पडले. सरकार आणि मालक दोघांचे म्हणणे साधारण एकच होते: हिंदुस्थानातल्या बायकांना असल्या कायद्याची गरज नाही.

गरज होती की नव्हती, हे गिरणगावातल्या खोल्यांना विचारायला हवे होते. सूतगिरणीत रीळ आणि वाइंडिंग खात्यात बायका राबत. हजेरी बुडाली की मजुरी बुडाली, म्हणून दिवस भरेपर्यंत काम. बाळंतपणानंतर लवकर कामावर गेले नाही तर जागा दुसरीला. तान्ह्या बाळाने दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी चारली जाई. त्या आयांना आपल्या लेकराची माया नव्हती, असे कोण म्हणेल? मायेला मजुरीची परवानगी नव्हती, एवढेच. त्यातही अस्पृश्य कामगारांची कोंडी दुहेरी होती. मागात धागा ओढताना तोंड लागते, थुंकी लागते, म्हणून जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना शिरकावच नव्हता. कमी मजुरीच्या घरात बाळंतपण आले की सावकाराशिवाय दार नव्हते.

अशा वेळी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले. ते बाबासाहेबांनी मांडलेले नव्हते, हे नीट लक्षात ठेवा. २८ जुलै १९२८ रोजी ते त्याच्या समर्थनार्थ उभे राहिले. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते, सरकारनियुक्त सदस्य होते. त्या भाषणातला युक्तिवाद पोस्टरवर कधीच येत नाही, म्हणून आमच्या शब्दांत सांगतो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे. लोकांचे कल्याण ही मुख्यतः सरकारची जबाबदारी आहे. म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे. पण मालकही सुटत नाही. मालक बायकांना कामावर ठेवतो तो उपकार म्हणून नव्हे, त्यात त्याचा फायदा आहे म्हणून. ज्याने फायदा घेतला त्याने खर्चाचा काही वाटा दिलाच पाहिजे.

यात दोन तत्त्वे आहेत. पहिले, मूल जन्माला घालणे ही बाईची खासगी भानगड नाही, ते समाजाचे काम आहे. दुसरे, म्हणून त्याचा खर्च आधी सरकारचा, मग मालकाचा. बाईचा तर नाहीच नाही. मनुस्मृतीच्या देशात, जिथे बाळंतीण विटाळाच्या खोलीत ढकलली जात होती, तिथे हा विचार कायदेमंडळात मांडला गेला. महाडला मनुस्मृती जाळून तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते.

१९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. देशातला तो या प्रकारचा पहिला कायदा. बाईला दिवसाला ८ आणे मिळू लागले. पण पैसे द्यायचे कोणी? सगळे मालकाने. सरकारने स्वतःचा हात अलगद काढून घेतला. परिणाम ठरलेलाच होता. बाई म्हणजे खर्च, असा हिशेब मालकांनी मांडला. कोणाला पोट दिसू लागताच काढले, कोणाला नोकरीची मुदत पूर्ण होऊच दिली नाही, आणि पुढे बायकांना घेणेच कमी केले. मुंबईच्या गिरण्यांतून बाई हळूहळू बाहेर गेली. यंत्रे बदलली, पाळ्या बदलल्या, ही कारणेही होती. पण सगळा भार एकट्या मालकावर टाकणारा कायदा मालकाला पळवाट शोधायला लावतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. खाणकामगार बायकांसाठी प्रसूती लाभाचा कायदा १९४१ मध्ये, म्हणजे त्यांच्या आधी झाला होता. त्यातली संदिग्धता काढणारी दुरुस्ती त्यांनी जुलै १९४३ मध्ये मांडली. याच काळातली एक गोष्ट आपले विरोधक उगाळतात, ती आम्ही लपवणार नाही. युद्धात कोळसा कमी पडला तेव्हा, १९४३ मध्ये, बायकांना खाणीत खाली उतरवण्यावरची बंदी सरकारने उठवली. देशभरातल्या स्त्री संघटनांनी विरोध केला. बाबासाहेबांनी १९४४ मध्ये सभागृहात सरकारची बाजू मांडली: ही आणीबाणीची तात्पुरती सोय आहे आणि खाली उतरणाऱ्या बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. १९४५ मध्ये जमिनीखाली काम करणाऱ्या बायकांसाठी प्रसूती लाभाची वेगळी तरतूद झाली आणि १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. या निर्णयावर टीका करायचा हक्क सर्वांना आहे. पण टीका करणाऱ्याने समान मजुरीचे तत्त्व आणि बंदीची फेरस्थापनाही सांगावी.

याच मजूर खात्याने बी. पी. अडारकर यांच्याकडून कामगार आरोग्य विम्याचा आराखडा करवून घेतला. १९४४ मध्ये अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. तोवर बाबासाहेब मजूर खात्यात नव्हते, पण पाया त्या काळातला. इथे बाळंतिणीचा पैसा एका मालकाच्या खिशातून येत नाही. मालक-कामगारांच्या वर्गणीच्या सामायिक निधीतून येतो आणि उपचारांच्या खर्चात राज्य सरकारचा वाटा असतो. १९२८ च्या भाषणाच्या सर्वांत जवळ जाणारा कायदा हाच. पुढे संविधानाच्या कलम ४२ ने कामाच्या मानवी परिस्थितीची आणि प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचे काम कोणावर सोपवले? राज्यावर. मालकाच्या मर्जीवर नाही.

आणि मग काय झाले? १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने पुन्हा सगळा भार मालकावर टाकला. २०१७ मध्ये १२ आठवड्यांचे २६ आठवडे झाले, टाळ्या वाजल्या. पण कायदा लागू कुठे? कारखाने सोडले तर मुख्यतः दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांत. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही चौकट हीच. देशातल्या दहापैकी नऊ कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. घरकाम करणारी, नाक्यावर उभी राहणारी, शेतमजूर, कंत्राटावर रस्ता झाडणारी. त्या कोणत्या वस्तीतून येतात हे आपल्याला जनगणना सांगायला नको.

दिल्ली महापालिकेच्या रोजंदारी बायकांचे उदाहरण घ्या. त्या हजेरीपटावरच्या आहेत, त्यांना कायदा लागू नाही, असे पालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. ८ मार्च २००० रोजी न्यायालयाने बायकांच्या बाजूने निकाल दिला. भांडणारा मालक कोण होता? सरकारचीच एक संस्था.

महाराष्ट्रात तर याहून भयानक घडले. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस काम चुकले की खाडा. पाळी, गरोदरपण, ओली बाळंतीण, सगळ्याचा एकच हिशेब: खाडा. नवऱ्यालाही बाळाजवळ थांबता येत नाही, कारण तो थांबला की कोयता थांबतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्याची चौकशी झाली तेव्हा सरकारी समितीसमोर आकडा आला: ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली. २६ आठवड्यांच्या रजेच्या देशात बाई गर्भाशय काढून कामावर जाते.

या बायकांसाठी सरकारकडे काय आहे? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेने तो पहिल्या मुलासाठी ५,००० वर आणला. नंतर दुसऱ्यासाठी ६,००० दिले, तेही मुलगी झाली तरच. संघटित बाईला २६ आठवड्यांचा पूर्ण पगार आणि असंघटित बाईला पाच हजार. हीच श्रेणीबद्ध विषमता. बापाचे तर विचारूच नका. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवस पितृत्व रजा आहे, खासगी क्षेत्रासाठी तसा कायदाच नाही. म्हणजे मूल सांभाळणे हे बाईचेच काम, हे मनूचे म्हणणे कायद्याने मूकपणे मान्य केले आहे.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, पोस्टर जरूर लावा, पण त्याखाली मागणी लिहा. प्रत्येक बाळंतिणीला, तिचा मालक असो वा नसो, २६ आठवड्यांचे किमान वेतन सरकारने द्यावे. मालकांकडून त्यासाठी सामायिक निधीत वर्गणी घ्यावी, म्हणजे बाईला कामावर ठेवल्याचा दंड कोणा एकाला बसणार नाही. कंत्राटी सफाई कामगाराच्या रजेची जबाबदारी मूळ पालिकेवर टाकावी. ऊसतोडीत बाळंतपणाचा खाडा बेकायदा ठरवावा आणि तो पैसा साखर कारखान्यांकडून वसूल करावा. बापालाही हक्काची रजा द्यावी.

आपल्या वस्तीपासून सुरुवात करा. गेल्या वर्षी बाळंत झालेल्या किती बायांना किती पैसे मिळाले, कोणाचे अर्ज कागदांअभावी अडले, याची यादी करा आणि ती घेऊन तहसील कार्यालयात आणि पालिकेत जा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सभागृहात विचारलेला हिशेब आता आपण दारात जाऊन मागायचा आहे.

जय भीम!